सर्व्हर, दप्तर आणि सातबारा: एका प्रश्नोत्तराचा इतिहास

(निघोजे येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य या सभेतल्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. रेशनच्या दुकानात ऐकले असेल, बँकेत ऐकले असेल, दाखला काढायला गेल्यावर ऐकले असेल. हे वाक्य ऐकले की आपण काय करतो? पिशवी उचलतो आणि घरी येतो. त्याच्यावर उलट प्रश्न विचारता येत नाही अशी आपली समजूत झाली आहे. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे वाक्य जे काम करायचे, ते आता हे वाक्य करते.

आज आमचे म्हणणे एवढेच आहे की या वाक्यावर उलट प्रश्न विचारता येतो. पण त्यासाठी सर्व्हर म्हणजे काय, ब्राउझर त्याला काय विचारतो आणि तो काय उत्तर देतो, हे माहीत पाहिजे. आणि हे समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याचा इतिहास. आमचा पिंड तत्त्वज्ञानाचा, यंत्राचा नव्हे. पण कोण कुणाला प्रश्न विचारतो, उत्तर कशाला म्हणायचे, उत्तर मिळाले नाही तर त्याचा अर्थ काय, हे तत्त्वज्ञानाचे फार जुने प्रश्न आहेत. म्हणून हा विषय घेतला.

उदाहरण आपल्या गावाचेच घेऊ. इंद्रायणीकाठचे, खेड तालुक्यातले हे गाव. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. गेल्या दोन-तीन दशकांत चाकणची औद्योगिक वसाहत वाढत वाढत गावाच्या शिवारात आली, महिंद्राचा कारखाना उभा राहिला, आणि ज्या जमिनीला गट नंबर होता तिला प्लॉट नंबर मिळाला. अशा गावात सातबारा हा काही साधा कागद नसतो. कुणाची जमीन गेली, कुणाची राहिली, बहिणीचे नाव लागले की नाही, सगळे त्याच्यावर असते. तर आपला प्रश्न असा: मी मोबाइलवर निघोजेतल्या एका गटाचा सातबारा मागतो, तेव्हा नेमके काय घडते?

दप्तराचा काळ

सर्व्हर यायच्या आधीही लोक माहिती मागत होतेच. ती दप्तरात असायची. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस जमिनीच्या मोजणीला आणि आकारणीला सुरुवात केली. ती आकारणी फसली. मग विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३५-३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली. शेताला नंबर, नंबराला आकार, आकाराला खातेदार, ही आजची पद्धत मुख्यतः तिथून आली. पुढे गावकामगारांचे नमुने ठरले. त्यातला सातवा नमुना हक्काचा, बारावा पिकांचा. दोन्ही एकत्र म्हणून सातबारा.

हे दप्तर कुणाच्या हाती? आधी वतनदार कुलकर्ण्याच्या, १९५१ पासून ती वतने गेल्यावर सरसकट पगारी तलाठ्याच्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी तलाठीच आहे. दप्तर आहे, पण उघडून दाखवायचे की नाही हे दप्तरदार ठरवणार, ही गोष्ट केवळ गावापुरती नव्हती. पुण्याच्या पेशवे दप्तराचेच बघा. मराठ्यांच्या इतिहासाचे कागदच्या कागद तिथे बांधून ठेवलेले, आणि इतिहाससंशोधकांना वर्षानुवर्षे तिथे मोकळा प्रवेश नव्हता. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसायांनी संपादन केलेले निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा ते भांडार अभ्यासकांपुढे आले.

यातून चार प्रश्न निघतात. कुणाकडे जायचे? मागायचे कोणत्या शब्दांत? देणारा कोण? आणि मिळाले नाही, तर 'नाही' म्हणजे काय: मुळात नाहीच, आहे पण सापडत नाही, का आहे पण देणार नाही? वेबच्या शोधाची सगळी गोष्ट या चार प्रश्नांची उत्तरे ठरवण्याची गोष्ट आहे.

जिनेव्हातले एक यंत्र

जिनेव्हाजवळ सर्न नावाची अणुभौतिकीची मोठी प्रयोगशाळा आहे. हजारो शास्त्रज्ञ येणार, दोन-चार वर्षे काम करणार, निघून जाणार. कुणी काय लिहून ठेवले आहे ते कुणालाच सापडत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये यावर एक प्रस्ताव लिहिला. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा मारला, त्याचा भावार्थ असा की प्रस्ताव धूसर आहे, पण चित्तवेधक आहे. १९९० अखेर पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर दोन्ही चालू झाले, दोन्ही नेक्स्ट या कंपनीच्या संगणकावर. त्या संगणकाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तीत लाल शाईने बजावले होते की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. 'सर्व्हर डाऊन'ची भीती सर्व्हरइतकीच जुनी आहे, ती अशी!

आता शब्द समजून घेऊ. सर्व्हर म्हणजे काही वेगळ्या जातीचे यंत्र नव्हे. 'कुणी हाक मारते का' याची सतत वाट बघत बसलेला एक प्रोग्राम, तो सर्व्हर. तो ज्या संगणकावर चालतो त्यालाही आपण सर्व्हर म्हणतो. ब्राउझर म्हणजे आपल्या वतीने हाक मारणारा आणि आलेले उत्तर आपल्याला वाचता येईल असे मांडून दाखवणारा प्रोग्राम. आणि दोघांनी कोणत्या शब्दांत बोलायचे याचा करार, त्याचे नाव एचटीटीपी.

हा करार पहिल्यांदा, १९९१ साली, इतका साधा होता की हसू येईल. ब्राउझरने एक ओळ पाठवायची: 'गेट', म्हणजे 'दे', आणि पुढे कागदाचा पत्ता. सर्व्हरने तो कागद पाठवायचा आणि फोन ठेवून द्यायचा. संपले. कागद नसेल तर? तर 'नाही' असे लिहिलेला दुसरा कागद पाठवायचा. माणसाला तो वाचून कळायचे, पण ब्राउझरला कळायचे नाही की हे उत्तर आहे का नकार. हा दोष पुढे लौकरच दूर झाला, त्याकडे येऊ.

एक तारीख मात्र सांगायलाच हवी: ३० एप्रिल १९९३. त्या दिवशी सर्नने वेबचे तंत्र सर्वांना खुले करून टाकले, कुणाकडून पैसे न घेता. दप्तर कसे मागायचे याची रीतच कुणाच्या मालकीची राहिली नाही. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची राहिली असती, तर आज आपण सातबारा कसा मागितला असता, याचा विचार करून बघा.

हाक मारण्याआधी

आता मोबाइल हातात घ्या. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला. पहिली अडचण अशी की यंत्रांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. तेव्हा या नावाचा आकडा कोणता, हे आधी शोधावे लागते. सुरुवातीच्या काळात सगळ्या यंत्रांची एकच यादी असायची, कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत ठेवलेली. यंत्रे वाढली, यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर तोड काढली: डीएनएस. एकच यादी नाही, अधिकाराची उतरंड. आपण गावात कुणाचे घर विचारतो तसेच. वेशीवर विचारले, तो म्हणतो वरच्या आळीला जा. आळीत विचारले, ते म्हणतात वाड्यामागे विचारा. तिथला माणूस घर दाखवतो. इथेही आधी मुळाशी विचारायचे, ते म्हणते '.इन'वाल्यांकडे जा, ते पुढच्याकडे धाडतात, आणि शेवटी आकडा मिळतो. हे '.इन' पूर्वी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून सांभाळले जायचे. २००५ पासून निक्सी या संस्थेकडे ते काम आहे.

आकडा मिळाला. मग जोडणी. दोन यंत्रे आधी तीन वाक्ये बोलतात. 'ऐकू येतंय का?' 'येतंय, तुम्हाला येतंय का?' 'येतंय, बोला.' फोन लागल्यावर आपण करतो तेच! यातले पहिले वाक्य गेले आणि समोरून काहीच आले नाही, तर ब्राउझर थोडा वेळ वाट बघतो आणि सांगतो की संपर्क होत नाही. लक्षात घ्या, इथे सर्व्हरने नकार दिलेला नाही. तो काही बोललेलाच नाही. कदाचित दोष आपल्या गावातल्या टॉवरचा असेल.

आणि हा आवाज जातो कुठून? मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या तारा जमिनीवर येतात, हे आपल्याला माहीत असेल. पण एकेकाळी पुण्यातल्या एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेला मजकूरही परदेशातून फिरून यायचा, कारण आपल्या कंपन्या देशात एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. शेजारच्या घरी वाटी द्यायची आणि ती विलायतेमार्गे! त्यावर उपाय म्हणून २००३ साली तीच निक्सी स्थापन झाली.

मागणीचा अर्ज

जोडणी झाली की ब्राउझर अर्ज पाठवतो. अर्जच म्हणायचे, कारण त्याचा घाट अर्जासारखाच आहे. पहिल्या ओळीत काय करायचे आणि कोणत्या कागदाचे करायचे. खाली एकेका ओळीत तपशील: कोणत्या नावाच्या संकेतस्थळाकडे आलो, मी कोणता ब्राउझर, कोणती भाषा चालेल.

संकेतस्थळाचे नाव अर्जात लिहिण्याची सक्ती १९९७च्या आवृत्तीपासून झाली. का? एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे राहायला लागली. एकाच इमारतीत शंभर बिऱ्हाडे असल्यावर नुसता इमारतीचा पत्ता पुरत नाही.

अर्जाचा पहिला शब्द फार महत्त्वाचा आहे. 'गेट' म्हणजे फक्त दाखवा. शंभर वेळा मागितले तरी दप्तरात काही बदलत नाही. 'पोस्ट' म्हणजे हे घ्या आणि यावर काम करा. अर्ज भरला, पैसे भरले, ते 'पोस्ट'. तो दोनदा गेला तर दोनदा काम होऊ शकते. म्हणून पैसे भरल्यावर पान अडकले की बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. आधी खात्यातून पैसे गेलेत का ते बघावे. आपण उतावीळपणे पुन्हा दाबतो ते 'पुन्हा दाखवा' या समजुतीने, आणि यंत्र ऐकते 'पुन्हा घ्या'. बघणे आणि बदलणे यातला हा भेद करारातच लिहून ठेवलेला आहे.

उत्तराचे आकडे आणि अभावाचा प्रश्न

आता उत्तर. सुरुवातीच्या करारातला दोष आठवा: नकार ब्राउझरला ओळखता येत नव्हता. त्यावर उपाय म्हणून उत्तराच्या डोक्यावर तीन अंकी आकडा आला. फाइली पाठवण्याच्या आणि टपालाच्या जुन्या करारांमध्ये अशी तीन अंकी उत्तरे होतीच, तिथून ही रीत आली. दोनने सुरू होणारे आकडे म्हणजे काम झाले. २०० म्हणजे घ्या तुमचा कागद. तीनने सुरू होणारे म्हणजे इथे नाही, तिकडे जा. किंवा ३०४, म्हणजे तुमच्याकडे जी प्रत आहे त्यानंतर काही बदललेले नाही, तीच बघा. चारने सुरू होणारे म्हणजे तुमच्या मागणीत काही अडचण आहे. पाचने सुरू होणारे म्हणजे मागणी ठीक आहे, अडचण आमच्याकडे आहे.

चार आणि पाच यांतला हा भेद नीट मनात ठेवा. चूक कुणाकडे आहे हे सर्व्हर स्वतःहून सांगतो. इतका प्रामाणिकपणा दप्तराच्या इतिहासात क्वचितच आढळेल!

सगळ्यांत प्रसिद्ध आकडा ४०४, 'सापडले नाही'. सर्नमध्ये त्या क्रमांकाची खोली होती वगैरे कथा सांगतात, त्यात तथ्य नाही. पण आमच्या दृष्टीने या आकड्याचे मोल वेगळे आहे. आपल्याकडे मीमांसकांनी, विशेषतः कुमारिल भट्टांनी, एक प्रश्न फार खोलात जाऊन विचारला: जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते? 'नाही'पण तर डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी उत्तर दिले, ते न दिसण्यानेच कळते. या ज्ञानसाधनाला त्यांनी अनुपलब्धी असे स्वतंत्र नाव दिले. नैयायिकांना हे वेगळे प्रमाण मान्य नव्हते. अभावसुद्धा प्रत्यक्षानेच कळतो असे ते म्हणत. पण एका अटीवर सगळे जवळ येतात. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात.

४०४ चा खरा अर्थ नेमका असाच जपून लिहिलेला आहे. सर्व्हर म्हणत नाही की ही वस्तू जगात नाही. तो म्हणतो, तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर मला ती सापडली नाही. किंवा आहे की नाही हे सांगायची माझी तयारी नाही. वस्तू होती आणि कायमची काढून टाकली, हे सांगायला वेगळा आकडा आहे, ४१०. आहे पण तुम्हाला देणार नाही, त्याला ४०३. पेशवे दप्तराच्या दारात संशोधक उभे होते, ते ४०३ च्या दारात, ४०४ च्या नव्हे.

हे आपल्या कामाचे कसे, ते सांगतो. तुमच्या आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर आहे. १९४७च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण योजना झाल्या आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तुम्ही पुणे जिल्हा, खेड तालुका, निघोजे गाव असे सगळे बरोबर निवडले आणि खाली जुना नंबर टाकला. उत्तर आले, सापडत नाही. किंवा त्याहून वाईट, त्याच आकड्याचा भलत्याच कुणाचा गट समोर आला. घरात रडारड सुरू, की आपली जमीन गेली! अहो, जमीन गेलेली नाही. तुम्ही अंधाऱ्या खोलीत घट शोधता आहात. जुन्या नंबराचा नवा गट कोणता, हे सांगणारी पत्रके भूमी अभिलेख कार्यालयात असतात, ती मागा. कागद नव्या ठिकाणी गेला असेल तर ३०१ असे उत्तर देऊन नवा पत्ता कळवावा, ही सोय वेबच्या करारात आहे. जुन्या नंबरांच्या बाबतीत ते काम अजून माणसालाच करावे लागते.

स्मरण नसलेला कारकून

आणखी एक गोष्ट या करारात मुळापासून आहे. सर्व्हरला स्मरण नाही. एका अर्जाचे उत्तर दिले की विषय संपला. पुढच्या क्षणी तुम्हीच दुसरा अर्ज घेऊन गेलात तरी तो तुम्हाला ओळखत नाही. आपला तलाठी कसा? तो तुम्हाला ओळखतो, तुमच्या चुलत्याला ओळखतो, मागच्या पाडव्याला काय भांडण झाले तेही त्याला ठाऊक असते. त्यात सोय होती आणि धोकाही होता. ओळखीच्याचे काम लवकर, बिनओळखीच्याचे उद्या.

स्मरण नसण्याचा फायदा असा की सर्व्हरला कुणाची खातीरदारी करता येत नाही, आणि कितीही माणसे आली तरी कुणाचे काय चालले होते ते डोक्यात ठेवावे लागत नाही. पण खरेदी, बँक, लॉगिन यांना तर ओळख लागतेच. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी तोड काढली, तिचे नाव कुकी. सर्व्हर एक बिल्ला देतो; ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर दाखवतो. दर्शनाच्या रांगेत चप्पल ठेवल्यावर टोकन मिळते ना, तसे. चप्पलवाला चेहरा लक्षात ठेवत नाही, टोकन बघतो. पण हेच टोकन पुढे जाहिरातवाल्यांच्या हाती गेले आणि आपण कुठे कुठे फिरलो याची वही तयार होऊ लागली. विसराळू कारकुनाला स्मरण दिले, त्याची किंमत ही.

गर्दी

आता 'सर्व्हर डाऊन'कडे येऊ. सुरुवातीचे सर्व्हर नुसते ठेवलेले कागद काढून देत. १९९३ मध्ये असा मार्ग निघाला की मागणी आली की सर्व्हर मागच्या खोलीतल्या दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारील, तो माहितीच्या साठ्यात शोधून तिथल्या तिथे कागद तयार करील. आपला सातबारा असाच तयार होतो. म्हणजे खिडकीवरचा कारकून वेगळा, मागच्या खोलीतला वेगळा, आणि कपाटे आणखी वेगळी.

१९९५ मध्ये आलेला अपाची हा सर्व्हर जगभर पसरला. त्या पिढीची रीत अशी की येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक कारकून गुंतवायचा. माणूस अर्ज लिहीत बसला तरी कारकून त्याच्यासमोर उभाच. गर्दी वाढली की कारकून संपतात. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी हा प्रश्नच मांडला की एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह यांनी एनजिनएक्स हा सर्व्हर खुला केला, त्याची रीत आपल्या चहाच्या टपरीसारखी आहे. एकाच पोऱ्याने सगळ्या टेबलांकडे लक्ष ठेवायचे, ज्याचे काही सांगायचे झाले त्याच्याकडे जायचे, कुणासमोर ताटकळत राहायचे नाही.

तरीही दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला लाखो घरांतून एकदम हाक जाते, तेव्हा काय होते हे सगळ्या पालकांनी अनुभवले आहे. अशा वेळी येणारी उत्तरे सारखी नसतात. ५०० म्हणजे आतले काम करताना काहीतरी बिघडले. ५०३ म्हणजे सध्या भार फार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे, नंतर या; किती वेळाने या, हेही सांगण्याची सोय त्यात आहे. ५०४ म्हणजे खिडकीवरचा जागेवर आहे, पण मागच्या खोलीतून वेळेत उत्तर आले नाही. आणि काहीच न येणे म्हणजे जोडणीच झाली नाही. या सगळ्यांचे मराठी भाषांतर आपल्याकडे एकच होते: 'सर्व्हर डाऊन'.

अक्षरांचा प्रश्न

थोडे लिपीविषयी. सर्व्हर पाठवतो ते शेवटी आकडेच. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे दोघांचे जुळले पाहिजे. नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे मराठी संकेतस्थळांवर प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. कुणाचा श्रीलिपी, कुणाचा आकृती, कुणाचा शिवाजी. सर्व्हर पाठवायचा रोमन अक्षरांचे आकडे, आणि तो फॉन्ट तुमच्याकडे असला तरच त्यांचे मराठी दिसायचे. नसला तर नुसता कचरा. शोधयंत्राला तर ते मराठी आहे हेच कळायचे नाही. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीला तिचे स्वतःचे आकडे मिळाले, पण ते आपल्या रोजच्या वापरात यायला दीड दशक लागले. आज 'निघोजे' हा शब्द पाठवताना न, पहिली वेलांटी, घ, काना-मात्रा, ज, मात्रा अशी सहा चिन्हे जातात, प्रत्येकी तीन बाइट, एकूण अठरा.

आणि मघाशी म्हटले ती भाषेची ओळ. प्रत्येक अर्जात आपला ब्राउझर सर्व्हरला सांगतो की माझ्या माणसाला कोणती भाषा चालेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर ती इंग्रजीच ठेवलेली असते, म्हणून दिवसातून हजार वेळा आपल्या वतीने सांगितले जाते की यांना इंग्रजी द्या. मराठी कुणी मागत नाही, असा हिशेब मग कुणी मांडला तर त्याला दोष कसा द्यायचा? घरी गेल्यावर ती एक ओळ बदला. फुकट आहे.

विश्वास कशावर

शेवटचा मुद्दा. आलेले उत्तर खरे कशावरून? ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसते. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही ज्या नावाला हाक मारली त्याच्याशीच बोलता आहात आणि वाटेत कुणी ऐकत किंवा बदलत नाही. बोलणारा खरे बोलतो, असे कुलूप म्हणत नाही. फसवणाऱ्याच्या दारालाही कुलूप लावता येते. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले, पण तो आप्ताचा शब्द हवा. म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो जसे आहे तसे सांगू इच्छितो, अशाचा. कुलूप फक्त बोलणाऱ्याचे नाव पटवते, तो आप्त आहे की नाही हे पटवत नाही.

म्हणूनच नुसता पाहण्यासाठी मिळणारा सातबारा आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा यांत फरक आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली, आणि १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. त्या स्वाक्षरीमुळे कागद कुणाच्या अधिकाराने निघाला आणि नंतर त्यात फेरबदल झाला का, हे तपासता येते. पण नोंदच मुळात चुकीची घातली गेली असेल, तर ती चूक स्वाक्षरीसह मिळेल. २०० हा आकडा म्हणजे कागद मिळाला. कागदावरचे खरे आहे, असा त्याचा अर्थ नाही. नोंद दुरुस्त करायला अजूनही माणसाकडे, कायद्याकडे आणि वेळेत हरकत घेण्याकडेच जावे लागते. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा ती वाचणारा गावात कुणीतरी पाहिजे.

तर पुढच्या वेळी कुणी म्हणाले, 'सर्व्हर डाऊन आहे', तर नम्रपणे विचारा. पडद्यावर काय लिहून आले आहे? आकडा कोणता आहे, चारचा का पाचचा? इथले नेट बंद आहे, का तिकडून उत्तर आले आहे? चारचा असेल तर आमच्या अर्जात काय चुकले ते सांगा. पाचचा असेल तर मी आलो होतो आणि काम झाले नाही, हे आजच्या तारखेने लिहून द्या, म्हणजे मुदत गेल्याचे खापर माझ्यावर फुटणार नाही. हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. दप्तरदाराला उत्तर द्यावेच लागते, आणि उत्तर नसेल तर ते का नाही हेही सांगावे लागते, हा नियम तीस-पस्तीस वर्षांपूर्वी यंत्रांनी आपापसांत मान्य केलेला आहे. माणसांनी तो मान्य करायला काय हरकत आहे?

आता प्रश्न विचारा. काही प्रश्नांना आमचेही उत्तर ४०४ असेल.